दोरीतलं टेन्शन गेलं कुठे? वाचकांचे प्रश्न, लॅग्रांजची पद्धत

मागच्या अंकात साध्या लंबकाचं गणित लॅग्रांजच्या पद्धतीने करून दाखवलं होतं. म्हणजे कायनेटिक एनर्जीतून पोटेन्शियल वजा करायची, त्याला एल म्हणायचं, मग प्रत्येक कोऑर्डिनेटसाठी एकच ठरलेलं काम: एलचं त्या कोऑर्डिनेटच्या वेगाने डेरिव्हेटिव्ह घ्या, त्याचं वेळेने पुन्हा एकदा घ्या, त्यातून एलचं त्याच कोऑर्डिनेटने घेतलेलं डेरिव्हेटिव्ह वजा करा आणि समोर शून्य लिहा. यावर आलेले प्रश्न जवळपास सगळे कन्स्ट्रेंटचेच, म्हणजे हालचालीवरच्या बंधनांचेच आहेत, कुणाचं वजन दोरीला बांधलंय, कुणाचा मणी तारेत ओवलाय, कुणाचं चाक घसरत नाहीये. त्यातले काही घेतलेत. समीकरणं शब्दांत लिहिलीयेत, वहीत चिन्हांत उतरवून घ्या म्हणजे त्रास होणार नाही.

प्रश्न: मॅडम, मी टीवाय बीएस्सीला आहे. ॲटवूड मशीन (पुलीवरून टाकलेली दोरी, दोन टोकांना दोन वजनं) लॅग्रांजने केलं की टेन्शन, म्हणजे दोरीतला ताण, कुठे येतच नाही. सर म्हणाले कन्स्ट्रेंट फोर्स काम करत नाही म्हणून. पण दोरी वजनाला वर ओढते आणि वजन वर जातं, मग काम झालंच ना? (एक विद्यार्थिनी, सांगली)

झालंच की! शंका एकदम रास्त आहे. सरांचं म्हणणं दोन्ही वजनं मिळून खरं आहे, एकट्या वजनाला लावलंस तर खोटं. दोरी हलक्या वजनावर पॉझिटिव्ह काम करते आणि जड वजनावर बरोबर तेवढंच निगेटिव्ह, कारण दोरी ताणली जात नाही, एक जेवढं खाली तेवढंच दुसरं वर, आणि बिनवजनाच्या पुलीवर ताण दोन्हीकडे सारखा. बेरीज शून्य. लॅग्रांजची पद्धत पूर्ण सिस्टिमचा हिशोब एकदम मांडते त्यामुळे ही आतली देवाणघेवाण तिला दिसतच नाही.

३ किलो आणि २ किलोची वजनं घे. ३ किलोचं वजन एक्स एवढं खाली आलं असं धर, म्हणजे दुसरं एक्स एवढं वर गेलं, आणि इथेच दोरीचा कन्स्ट्रेंट वापरून संपला, दोनऐवजी एकच कोऑर्डिनेट उरला. कायनेटिक एनर्जी अर्धा गुणिले ५ गुणिले वेगाचा वर्ग, पोटेन्शियल उणे १ गुणिले जी गुणिले एक्स. समीकरण येतं ५ गुणिले प्रवेग बरोबर जी, म्हणजे प्रवेग जीच्या पाचव्या भागाएवढा, १.९६. आता ताण हवाच असेल तर शेवटी एका वजनाला न्यूटन लाव: ३ गुणिले (९.८ वजा १.९६), साधारण २३.५ न्यूटन. कुणी असं मिसळून केलं म्हणून मार्क कापत नाही.

आता पुलीलाही वजन दे, २ किलोची सपाट चकती. दोरी तिच्यावर घसरत नाही असं धरलं की एलमध्ये फक्त एक टर्म वाढते, चकतीच्या फिरण्याची, आणि ती दोरीच्या वेगात लिहिली तर जणू अजून १ किलो हलतंय असं होतं. प्रवेग जी भागिले ६. गंमत म्हणजे आता दोन्हीकडचा ताण सारखा नाही, एकीकडे २४.५ आणि दुसरीकडे २२.९ च्या आसपास, तरी लॅग्रांजला काहीच फरक पडला नाही, कारण वजनं आणि पुली मिळून दोरीचं एकूण काम अजूनही शून्यच. न्यूटनने केलं असतं तर दोन ताण, तीन समीकरणं. जॉर्ज ॲटवूडने १७८४ साली या मशीनचं वर्णन छापलं ते पडण्याचा वेग हळू करून नीट मोजता यावा म्हणून, त्यामुळे पुलीचं वजन ही त्याच्यासाठी खरीच डोकेदुखी होती, आपल्यासाठी एक जास्तीची टर्म आहे.

प्रश्न: गुळगुळीत अर्धगोलाच्या माथ्यावरून कण घसरतो, तो पृष्ठभाग कुठे सोडतो हे काढायचंय. मी त्रिज्या स्थिर धरून एकच कोऑर्डिनेट थीटा घेतला, समीकरण आलं, पण सुटण्याचा कोन त्यातून निघतच नाही. कुठे चुकलं? (नेट परीक्षेची तयारी करणारा, छत्रपती संभाजीनगर)

गणितात कुठेच चुकलं नाही, पण तू जे विचारतोयस त्याचं उत्तर त्या समीकरणात नाहीच आहे. त्रिज्या स्थिर असं तू पहिल्याच ओळीत लिहून टाकलंस, म्हणजे कण पृष्ठभागाला कायमचा चिकटलेला आहे असं गणिताला सांगितलंस, आता ते बिचारं कण सुटला असं कशाला म्हणेल? ते तुला खुशाल कण अर्धगोलाच्या कडेपर्यंत नेऊन दाखवेल.

म्हणून गणित हातात घेतलं की आधी एक गोष्ट ठरवायची, मला फक्त हालचाल हवीये की बांधून ठेवणारा फोर्सही हवाय. फक्त हालचाल हवी असेल तर कन्स्ट्रेंट कोऑर्डिनेटमध्ये जिरवून टाका, जसं वर दोरीचं केलं. फोर्स हवा असेल (आणि 'कुठे सुटतो', 'दोरी कधी सैल पडते', 'किती घर्षण लागेल' हे सगळे फोर्सचेच प्रश्न आहेत, वेष बदलून आलेले) तर तो कन्स्ट्रेंट न जिरवता बाजूला लिहून ठेवा आणि त्याच्यासाठी एक लॅम्डा, म्हणजे एक जास्तीची अज्ञात राशी, घ्या.

करून बघू. कोन माथ्यापासून मोजायचा. त्रिज्या मोकळी सोड, तिला आर म्हण, अर्धगोलाची खरी त्रिज्या मोठा आर. एलमध्ये कायनेटिक एनर्जी: अर्धा एम, कंसात आर-डॉटचा वर्ग अधिक आरचा वर्ग गुणिले थीटा-डॉटचा वर्ग (डॉट म्हणजे वेळेने घेतलेलं डेरिव्हेटिव्ह, डबल-डॉट म्हणजे दोनदा). पोटेन्शियल: एम जी आर कॉस थीटा. कन्स्ट्रेंट: आर वजा मोठा आर बरोबर शून्य.

आता आरचं समीकरण लिही, उजवीकडे शून्याऐवजी लॅम्डा येईल: एम आर-डबल-डॉट, वजा एम आर थीटा-डॉटचा वर्ग, अधिक एम जी कॉस थीटा, बरोबर लॅम्डा. सगळी डेरिव्हेटिव्ह घेऊन झाल्यावर, नंतरच, आर स्थिर कर. बरेच जण इथे घाई करतात, आधी आर स्थिर टाकतात आणि मग आरने डेरिव्हेटिव्ह घ्यायला जातात, आता स्थिर आकड्याने डेरिव्हेटिव्ह काय घेणार, कपाळ? क्रम पाळला तर उरतं: लॅम्डा बरोबर एम जी कॉस थीटा वजा एम मोठा आर थीटा-डॉटचा वर्ग. हा लॅम्डा म्हणजेच नॉर्मल फोर्स, कारण आपण कन्स्ट्रेंट लांबीमध्ये लिहिलाय. कन्स्ट्रेंट कोनात लिहिला असता तर लॅम्डा टॉर्क म्हणून आला असता, वर्गात लिहिला असता तर अजून काही तरी, त्यामुळे लॅम्डा आला की त्याची युनिट्स बघायची सवय लाव. नेटला पर्यायांमध्ये नेमकी हीच गफलत पेरलेली असू शकते.

थीटाच्या समीकरणातून मोठा आर गुणिले थीटा-डबल-डॉट बरोबर जी साइन थीटा, त्याला थीटा-डॉटने गुणून इंटिग्रेट कर (किंवा सरळ एनर्जी कॉन्झर्व्हेशन वापर, कोण बघतंय), की मोठा आर थीटा-डॉट वर्ग बरोबर २ जी गुणिले (१ वजा कॉस थीटा). हे वर टाकलं की लॅम्डा बरोबर एम जी गुणिले (३ कॉस थीटा वजा २).

माथ्यावर कॉस १ आहे, लॅम्डा बरोबर एम जी, पटतंय. मग कमी होत होत कॉस थीटा दोन तृतीयांश झाला की शून्य, म्हणजे ४८.२ अंशांवर. त्यापुढे लॅम्डा निगेटिव्ह, म्हणजे पृष्ठभागाने कणाला आत ओढायला हवं, आणि गुळगुळीत दगड काय कुणाला ओढत नाही. हा कन्स्ट्रेंट खरं तर एकतर्फी आहे, आर मोठ्या आरपेक्षा कमी होऊ शकत नाही पण जास्त होऊ शकतो. आपण त्याला बरोबरच्या चिन्हाने लिहिलं आणि मग लॅम्डाच्या चिन्हावर लक्ष ठेवून बसलो, एवढीच युक्ती. तारेत ओवलेला मणी असता तर तार दोन्हीकडून धरते, तिथे लॅम्डा निगेटिव्ह झाला तरी मणी कुठे जात नाही.

उत्तरात जी नाही, वस्तुमान नाही, त्रिज्या नाही हे बघितलंस का? चंद्रावरही ४८.२ अंशच. वेग मात्र बदलेल, १ मीटर त्रिज्येच्या अर्धगोलावर आपल्याकडे सुटताना साधारण २.५६ मीटर प्रति सेकंद. आणि कणाऐवजी छोटा भरीव गोळा न घसरता गडगडत येत असेल तर कॉस थीटा १० भागिले १७ होतो, जवळजवळ ५४ अंश, उशिरा सुटतो कारण थोडी एनर्जी गरगर फिरण्यात जाते. हे उत्तर पुस्तकी आहे बरं का, प्रत्यक्षात सुटायच्या आधीच नॉर्मल इतका कमी होतो की घर्षण पुरत नाही आणि गोळा घसरायला लागतो.

प्रश्न: उभी गोल रिंग स्वतःच्या उभ्या व्यासाभोवती मोटरने एकसारखी फिरते, तारेवर मणी सरकतो. मी कायनेटिक अधिक पोटेन्शियल काढून बघितलं तर ते कॉन्स्टंट राहत नाही. घर्षण नाही तरी एनर्जी जाते कुठे? शिवाय सेंट्रिफ्यूगल फोर्स वेगळा धरायचा का? (डिझाइन इंजिनिअर, चाकण)

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण तिथे जास्त लोक पडतात. जमिनीवर उभं राहून वेग मोजला असेल तर सेंट्रिफ्यूगल वेगळा धरायचा नाही. मण्याचा वेग दोन दिशांना आहे, तारेवरून त्रिज्या गुणिले थीटा-डॉट, आणि रिंगबरोबर आडवा, त्रिज्या गुणिले ओमेगा गुणिले साइन थीटा (ओमेगा म्हणजे रिंगचा कोनीय वेग, कोन इथे तळापासून). दोघांचे वर्ग कायनेटिक एनर्जीत टाकले की त्या दुसऱ्या टर्ममधूनच सेंट्रिफ्यूगलचं काम आपोआप होतं. वरून अजून एक घातलात तर डबल.

समीकरण: थीटा-डबल-डॉट बरोबर साइन थीटा गुणिले कंसात (ओमेगा वर्ग कॉस थीटा वजा जी भागिले आर). म्हणजे मणी स्थिर राहू शकतो तो एक तर तळाशी, किंवा अगदी वर (तिथे टिकणार नाही), किंवा मग जिथे कॉस थीटा बरोबर जी भागिले (ओमेगा वर्ग गुणिले आर). पण कॉस १ च्या वर जात नाही, त्यामुळे रिंग हळू फिरत असेल तर ही तिसरी जागा अस्तित्वातच नाही, मणी तळाशी पडून राहतो. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या रिंगला ही हद्द साधारण ९५ आरपीएमला येते. त्याच्या खाली काही नाही, त्याच्या वर गेलात की तळ अस्थिर होतो आणि मणी चढायला लागतो, १२० आरपीएमला साधारण ५२ अंशांवर जाऊन बसतो. वेग हळूहळू वाढवत नेला तर ९५ पर्यंत मणी ढिम्म हलत नाही आणि मग अचानक निघतो, करून बघण्यासारखं आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनला जो दोन गोळ्यांचा गव्हर्नर लावला तो याच घराण्यातला, फिरण्याचा वेग वाढला की गोळे वर आणि वाफ कमी.

आता एनर्जी. ती जात नाही, मोटर देते आणि घेते. मणी बाहेर सरकला तर रिंगचा वेग तोच ठेवायला मोटरला जोर लावावा लागतो, तार मण्याला आडवं ढकलते, आणि मणी आडवा जातोयच, म्हणजे काम होतं. मग मगाशी सांगलीच्या मुलीला सांगितलं की कन्स्ट्रेंटचं एकूण काम शून्य, त्याचं काय? तर ते काम मोजताना घड्याळ थांबवायचं असतं. त्या क्षणी रिंग जिथे आहे तिथे गोठवायची आणि मण्याला तारेवरून किंचित सरकवायचं, त्या सरकण्यात तारेचा फोर्स काटकोनातच राहतो, काम शून्य. प्रत्यक्षात मात्र रिंग थांबलेली नाही. कन्स्ट्रेंटमध्ये वेळ घुसली की ही दोन कामं वेगळी होतात आणि लॅग्रांजला गोठवलेलंच लागतं, म्हणून त्याचं समीकरण बरोबर आणि तुमचा एनर्जीचा आकडाही बरोबरच. कॉन्स्टंट राहणारी राशी दुसरी आहे: तारेवरच्या हालचालीची कायनेटिक, वजा आडव्या हालचालीची कायनेटिक, अधिक पोटेन्शियल. हीच हॅमिल्टोनियन. ती काढून बघा, सिम्युलेशन चोख आहे का हे तपासायला ती सोन्यासारखी आहे.

प्रश्न: लॅग्रांज फ्रेंच होता ना? आणि त्याच्या पुस्तकात एकही आकृती नाही हे खरंय का? (एक वाचक, पणजी)

जन्म इटलीतल्या ट्यूरिनचा, १७३६. मग वीसेक वर्षं बर्लिन, ऑयलरच्या जागेवर, १७८७ ला पॅरिस, आणि १८१३ ला तिथेच गेला. दोन्ही देश आपला म्हणतात. आकृतीचं खरं आहे, १७८८ च्या त्याच्या मेकॅनिक्सच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की यात आकृत्या सापडणार नाहीत, आणि चांगलं अभिमानाने सांगतो. तो लॅग्रांज होता. आपण आकृती काढायची, कोन कुठून मोजला ते बाणाने दाखवायचं, माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पेपरांत निम्म्या चुका एल लिहायच्या आधीच झालेल्या असतात, कोन एकदा तळापासून आणि एकदा माथ्यापासून.

प्रश्न: हलत्या वेजवर ब्लॉक हे गणित अकरावीच्या मुलांना फार छळतं. जेईईच्या बॅचला लॅग्रांज शिकवू का? दोन ओळीत उत्तर येतं असं ऐकलंय. (एक शिक्षक, लातूर)

नका शिकवू. सिलॅबसमध्ये नाही हे एक, आणि फ्री बॉडी डायग्राम काढायचा हात बसायच्या आधी ही पद्धत दिली तर पोरं फोर्स बघायचंच विसरतात. पण तुम्ही स्वतः जरूर करा, उत्तर पडताळायला झकास.

वेज, म्हणजे उताराची पाचर, जमिनीवर एक्स सरकली, ब्लॉक वेजच्या उतारावरून एस सरकला, उताराचा कोन अल्फा. ब्लॉकचा आडवा वेग: एक्स-डॉट अधिक एस-डॉट कॉस अल्फा, उभा: एस-डॉट साइन अल्फा. याच्या वर्गांच्या बेरजेत एक्स-डॉट आणि एस-डॉटचा गुणाकार असलेली एक टर्म येते, २ एक्स-डॉट एस-डॉट कॉस अल्फा, ती विसरली की वेज हलतच नाही आणि उत्तर साधं जी साइन अल्फा येतं. ब्लॉकचा वेग म्हणून नुसता एस-डॉट लिहिणारे याच खड्ड्यात. वेग नेहमी जमिनीवरून. पुढचं सोपं आहे, एलमध्ये एक्स स्वतः कुठेच नाही म्हणून आडवा मोमेंटम कायम, त्यातून एक्स गेला, एसचं एक समीकरण उरलं. दोघांची वस्तुमानं सारखी आणि ४५ अंश घेतलेत तर वेज जीच्या एक तृतीयांश प्रवेगाने मागे जाते आणि ब्लॉक वेजच्या मानाने ०.९४ जी ने घसरतो. न्यूटनने हेच यायला पाहिजे, नाही आलं तर नॉर्मल एम जी कॉस अल्फा धरलेला असणार, पैजेवर सांगते.

प्रश्न: चाक न घसरता गडगडतं हा कन्स्ट्रेंट वेगाचा आहे, जागेचा नाही. मग तो होलोनॉमिक (म्हणजे नुसत्या जागेच्या समीकरणात लिहिता येणारा) की नॉनहोलोनॉमिक? एक पुस्तक होलोनॉमिक म्हणतं, दुसरं नाही म्हणतं. (एमएस्सी, पुणे)

दोन्ही पुस्तकं बरोबर, गणितं वेगळी आहेत. चकती उतारावरून सरळ खाली येत असेल तर वेग बरोबर त्रिज्या गुणिले कोनीय वेग, हे इंटिग्रेट होतं, अंतर बरोबर त्रिज्या गुणिले फिरलेला कोन, झालं, होलोनॉमिक. अंतर आणि कोन दोन्ही ठेवून लॅम्डा घेतलास तर घर्षण मिळतं, एम जी साइन अल्फाचा तिसरा हिस्सा, आणि प्रवेग दोन तृतीयांश जी साइन अल्फा. गंमत म्हणजे घर्षण आहे तरी एनर्जी जात नाही, टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो.

आता तीच चकती टेबलावर उभी धरून वळवत चालव. चार कोऑर्डिनेट: टेकलेल्या बिंदूची जागा दोन आकड्यांनी, तोंड कुठे आहे तो कोन, आणि स्वतःभोवती किती फिरली तो कोन. कन्स्ट्रेंट दोन, दोन्ही वेगाचे. हे इंटिग्रेट होत नाहीत, आणि पटवून घ्यायला डिफरन्शियल फॉर्म वगैरे लागत नाही. १ सेंटीमीटर त्रिज्येच्या नाण्यावर कडेला एक खूण कर. ते ५ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चालवून परत आण, ५ फेरे झाले, खूण होती तिथे. आता त्याच जागेवरून, त्याच तोंडाने, सव्वापाच सेंटीमीटरच्या वर्तुळावरून आण. जागा तीच, तोंड तेच, खूण पाव फेरा पुढे. म्हणजे जागा आणि तोंड सांगितलं म्हणून खूण कुठे आहे ते ठरत नाही, ती रस्त्यावर अवलंबून आहे, मग या चार आकड्यांना बांधणारं समीकरण असेल कसं? नाहीच. या भेदाला नाव दिलं हाइनरिश हर्ट्झने, १८९४ च्या त्याच्या मेकॅनिक्सच्या ग्रंथात, रेडिओ लहरींवाला हर्ट्झ तोच.

पेठेतल्या गल्लीत दोन गाड्यांच्या मधे चारचाकी लावणाऱ्याला हे अंगात भिनलेलं असतं. गाडी आडवी सरकू शकत नाही, एकही मिलीमीटर नाही, तरी पुढे-मागे, स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे करत करत ती शेवटी आडवी सरकून फुटपाथला लागतेच. क्षणाक्षणाला बंदी, पण शेवटी कुठेही पोचता येतं. होलोनॉमिक कन्स्ट्रेंट असता तर कितीही खटपट केली तरी नसती लागली.

गणितासाठी यातून एक कडक नियम निघतो: नॉनहोलोनॉमिक कन्स्ट्रेंट एलमध्ये टाकायचा नाही. आधी मोकळ्या कोऑर्डिनेटने समीकरणं लिहायची, लॅम्डा लावायचे, कन्स्ट्रेंट सगळ्यात शेवटी. वाईट गोष्ट अशी की उभ्या नाण्याच्या गणितात आधी टाकला तरी नशिबाने उत्तर बरोबर येतं आणि वाईट सवय लागते. म्हणून बर्फावरच्या स्केटचं करून बघ, पातं फक्त स्वतःच्या दिशेने सरकतं, आडवं नाही. वायचा वेग एक्सच्या वेगात लिहून एलमध्ये घातलास तर उत्तर येतं की स्केटचा वेग त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर बदलतो, एक्स अक्षाकडे तोंड असताना जास्त, वळला की कमी. आता सपाट बर्फाला काय माहीत तू वहीत एक्स अक्ष कुठे काढलास? बरोबर पद्धतीने वेग कायम राहतो आणि स्केट गोल फिरतो.

प्रश्न: घर्षण असेल तर लॅग्रांज चालतो का? (निवृत्त, डोंबिवली)

चालतो, पण रडत-खडत. हवेचा किंवा तेलाचा विरोध वेगाच्या प्रमाणात असेल तर छान, लॉर्ड रॅलेने १८७३ मध्ये त्यासाठी एक डिसिपेशन फंक्शन दिलं ते वापरायचं. कोरडं घर्षण मात्र नॉर्मलवर अवलंबून, म्हणजे आधी लॅम्डा काढा, मग त्यातून घर्षण, मग ते पुन्हा समीकरणात. वाटीच्या आत घसरणाऱ्या वस्तूला तर नॉर्मल वेगावरही अवलंबून असतो. अशा वेळी मी सरळ न्यूटन लावते, काका, आणि त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: मी गेम बनवतो. लंबक एक्स-वायमध्ये, लॅम्डा वापरून कोड केला. समीकरणं तीनदा तपासली, बरोबर आहेत, पण मिनिटभर चालवलं की दांडी हळूहळू लांब होते! (बंगळुरूहून)

समीकरणं बरोबर असूनच हे होतं. लॅम्डा काढायला तू कन्स्ट्रेंट दोनदा डिफरन्शिएट केला असणार, कारण प्रवेग तिथेच येतो. म्हणजे कॉम्प्युटर सांभाळतोय ते 'लांबीच्या चुकीचं दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य', लांबी नव्हे. राउंडिंगने, टाइम स्टेपने एकदा इवलीशी चूक शिरली की तिला परत आणणारं त्यात काहीच नाही, ती वेळेबरोबर वाढतच जाणार.

एका दांडीचा किंवा दोन दांड्यांचा लंबक असेल तर लॅम्डा सोड, कोन घे, लांबी चुकायचा प्रश्नच राहत नाही. दहा दांड्यांची साखळी असेल, किंवा बंद चौकट असेल जिथे दांड्या फिरून स्वतःलाच येऊन मिळतात, तिथे कोनांचं गणित किचकट होतं आणि लॅम्डाच बरा. मग बाउमगार्टने १९७२ मध्ये सुचवलेला उपाय कर: दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य असं न लिहिता, दुसरं डेरिव्हेटिव्ह अधिक २ अल्फा गुणिले पहिलं अधिक अल्फा वर्ग गुणिले चूक, हे सगळं मिळून शून्य असं लिही (अल्फा इथे कोन नाही, तू निवडायचा आकडा). चुकीलाच स्प्रिंग आणि डॅम्पर लावल्यासारखं, ती आपोआप विरते. अल्फा फार मोठा घेतलास तर ती स्प्रिंग इतकी कडक होते की टाइम स्टेप लहान करावी लागते नाहीतर सगळं उडतं, त्यामुळे छोट्यापासून सुरू करून वाढवत जा. दुसरा रस्ता, प्रत्येक स्टेपनंतर बिंदू उचलून परत योग्य लांबीवर ठेवायचा आणि वेगाचा दांडीच्या दिशेचा भाग काढून टाकायचा.

आणि लांबी सुधारली म्हणजे एनर्जी सुधारली असं नाही हं, टाइम स्टेप पुढे न्यायला साधी ऑयलरची पद्धत वापरत असशील तर लांबी बरोबर राहूनही झोका चढत जाईल. दोन्हीचे ग्राफ वेगवेगळे काढ, टाइम स्टेप अर्धी करून पुन्हा काढ, आणि मग कुठला भाग सुधारायचाय ते ठरव.